हात हलवायचा नाही

मी माझा देह विज्ञानाला अर्पण केला आहे. हे वाक्य माणसं सहसा मृत्युपत्रात लिहितात आणि मागे राहिलेल्यांनी ते ओल्या डोळ्यांनी वाचायचं असतं. माझी अडचण अशी की मी अजून जिवंत आहे, त्यामुळे देह एकदम देता येत नाही. दर सहा महिन्यांनी, शनिवारी सकाळी, उपाशीपोटी, थोडा थोडा द्यावा लागतो. विज्ञान त्यातलं चार नळ्या रक्त ठेवून घेतं, हाडांचा फोटो काढतं, सहा मिनिटं चालायला लावतं, आणि उरलेला देह एक प्लेट इडली खाऊ घालून परत करतं.

मला एचआयव्हीचा संसर्ग आहे. वीसेक वर्षं झाली. कसा झाला, हे डॉक्टरांनी एकदा विचारलं, लिहून घेतलं आणि विषय मिटवला. बाकी कोणाला विचारायची संधी मी दिलेली नाही, आणि वाचकांनाही देणार नाही. मधुमेह असलेल्या माणसाला कोणी विचारत नाही की कुठल्या लग्नातल्या जिलबीपासून सुरुवात झाली.

सुरुवातीला डॉक्टर माझ्याशी महिन्यांच्या हिशोबाने बोलायचे. मग गोळ्या मिळायला लागल्या. आता रात्री जेवणानंतर एक गोळी, एवढाच कार्यक्रम असतो. माझ्या रक्तात विषाणू सापडत नाही, म्हणजे तपासणीत दिसणार नाही इतका कमी आहे, आणि माझ्यापासून बायकोला तो होऊ शकत नाही. तिची तपासणी दरवर्षी होते आणि दरवर्षी निरोगी येते. थोडक्यात, आम्ही मरत नाही हे सगळ्यांच्या लक्षात आलं. मग आमचं पुढे काय होतं, असा प्रश्न उभा राहिला, आणि त्यावर संशोधन सुरू झालं.

त्या संशोधनाचा मी एक भाग आहे. गोळ्या नीट घेणाऱ्यांचंसुद्धा हृदय, हाडं, मूत्रपिंडं वयाच्या आधी म्हातारी होताना दिसतात. ती विषाणूमुळे होतात, गोळ्यांमुळे, की नुसती काळजी करून, हे शोधायचं आहे. संशोधन केंद्रातल्या डॉक्टरांनी मला ते समजावून सांगितलं होतं. "समजा बिल्डिंगमध्ये चोर शिरलाय आणि माळ्यावर जाऊन झोपलाय. काही चोरत नाही. पण तो आत आहे हे वॉचमनला, म्हणजे तुमच्या प्रतिकारशक्तीला, माहीत आहे. म्हणून वॉचमन वीस वर्षं शिट्ट्या मारत फिरतोय. नुकसान चोराने नाही केलं, शिट्ट्यांनी केलं."

"आमच्या बिल्डिंगचा वॉचमन झोपतो," मी म्हणालो.

"मग तुमची बिल्डिंग तुमच्यापेक्षा निरोगी आहे," डॉक्टर म्हणाले.

माझ्या डाव्या गुडघ्याचं दुखणं विषाणूच्या नावावर मांडायचं की वयाच्या, हे अजून ठरलेलं नाही. हे केंद्र मीरा रोडला एका दुमजली इमारतीत आहे आणि बाहेर 'हृदय व अस्थी आरोग्य' अशी पाटी आहे. आम्हाला संकोच वाटू नये म्हणून ती तशी लिहिली आहे. त्यामुळे अधूनमधून कंबर धरलेले अनोळखी लोक आत शिरतात आणि आम्हा सगळ्यांकडे सहानुभूतीने बघतात.

आम्ही तिथून जवळच नवघरला राहतो. मी मुंबईतल्या एका कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरी केली, आणि गिरगावातल्या दोन खोल्या सोडून इथे दोन खोल्याच घेतल्या. फक्त इथे गॅलरी आहे. बिल्डिंगमध्ये चोवीस घरं. माझा आजार चोवीसांपैकी एकाच घरात माहीत होता, आमच्या. मुलगी पुण्याला दिली आहे. तिला माहीत आहे, तिच्या सासरी माहीत नाही. हे एक वाक्य म्हणजे आमच्या घराचं कुलूप होतं. ते आम्हीच आतून लावलं होतं आणि किल्ली कुठे ठेवली ते विसरलो होतो.

गुप्ततेचं सगळं काम बायकोकडे होतं. गोळ्यांची प्लॅस्टिकची पांढरी बाटली संपली की ती गरम पाण्यात बुडवून ठेवायची, तासाभराने बोथट चमच्याने वरचा कागद खरवडायचा, गोंदाचा चिकटा राहिला तर खोबरेल लावून पुसायचा, आणि मग ती नागडी बाटली सुक्या कचऱ्यात टाकायची. आमच्या घरात सत्यनारायण होत नाही. विधिवत होणारी गोष्ट ही एवढीच.

गेल्या वर्षी पावसाळा संपता संपता ती आठ दिवस तिच्या बहिणीकडे गेली. जाताना मला तीन सूचना दिल्या, त्यातली तिसरी बाटलीची. त्याच आठवड्यात सोसायटीने पाण्याची टाकी धुवायला काढली आणि दोन दिवस नळाला पाणी आलं नाही. बादलीभर साठवलेल्या पाण्यातलं तांब्याभर पाणी बाटली खरवडायला वापरायचं माझ्या जिवावर आलं. मी बाटली वर्तमानपत्रात गुंडाळली आणि सुक्या कचऱ्यात टाकली. आयुष्यभर पुस्तकांवर लेबलं चिकटवणाऱ्या माणसाला एक लेबल काढता आलं नाही.

आता आमच्या सेक्रेटरींविषयी सांगायला हवं. ते एका सरकारी खात्यातून निवृत्त झाले, पण खातं त्यांच्यातून निवृत्त झालेलं नाही. ओला कचरा-सुका कचरा हे त्यांनी अभियान म्हणून हाती घेतलं होतं. रोज सकाळी साडेआठला रबरी हातमोजे घालून ते सुक्या कचऱ्याची पोती तपासत, चूक सापडली की फोटो काढत, त्यावर लाल गोल करत आणि सोसायटीच्या ग्रुपवर टाकत. खाली लिहीत, 'हे कोणाचे?' आंब्याची कोय, डायपर, एकदा एक अख्खा शर्ट. वर्तमानपत्र वेगळं बांधून द्यायचं असा नियम होता. म्हणजे मी बाटली लपवायला जे वापरलं, त्याच्यामुळेच ती उघडली गेली.

लाल गोलातली माझी बाटली मी चहा पिताना पाहिली. खाली लिहिलं होतं, 'ही औषधे कोणत्या रोगाची आहेत ते सर्वांनी गूगलवर पाहावे. हे कोणाचे?'

बिल्डिंगने गूगलवर पाहिलं आणि दुपारपर्यंत कोणाचे तेही ठरवलं. पहिल्या मजल्यावर एक बाई भाड्याने राहतात. माहेर इथल्याच मुर्धे गावचं, नवरा चाळिशीत तापाने गेला, मूलबाळ नाही, जेवणाचे डबे करून पोट भरतात. बाटलीवर त्यांचं नाव नव्हतं, पोतं सगळ्या मजल्यांचं मिळून एकच होतं. पण एकटी बाई, त्यात भाडेकरू, त्यात नवरा तापाने गेलेला, त्यात सगळ्यांच्या पोटात तिच्या हातचं अन्न. कोणाची बाटली असली तर सगळ्यात जास्त घाबरता येईल, असा विचार करून लोकांनी मालक निवडला होता.

डबे बंद व्हायला लागले. कोणी तोंडावर बोललं नाही. एकीची सासू आली होती, एकाने डाएट सुरू केलं, एक घर अचानक सकाळी लवकर उठून स्वयंपाक करायला लागलं. बायको बहिणीकडून परतली, तिने ग्रुपवरचा फोटो बघितला आणि पिशवी खाली न ठेवता विचारलं, "अहो, ही खरवडली होतीत?"

"पाणी नव्हतं."

"खोबरेल तेल होतं," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी डब्यांच्या ताई वर आल्या. दारातच उभ्या राहिल्या. "काका, तुम्ही पुस्तकातलं मानूस. ह्या बाटलीवर काय लिवलंय ते मला वाचून दाखवा. मला विंग्रजी येत न्हाय आन हे सगळे मला बघून दार लोटतात."

त्यांनी मोबाईल पुढे केला. लाल गोलात माझी बाटली. मी चष्मा लावला आणि माझ्याच गोळ्यांची नावं, त्यातल्या तीन औषधांचं प्रमाण, 'थंड व कोरड्या जागी ठेवा, मुलांपासून दूर ठेवा' हे सगळं मराठीत करून त्यांना वाचून दाखवलं. माझा आवाज ग्रंथालयात नव्या पुस्तकांची यादी वाचतानाचा होता.

"ही माझी न्हाय," त्या म्हणाल्या.

"माहीत आहे मला."

"तुम्हाला कसं माहीत?"

असा प्रश्न येईल हे माझ्या ध्यानातच नव्हतं. "तुमच्याकडे बघून वाटत नाही," मी म्हणालो.

"बघून कळत न्हाय म्हंतात." त्यांनी मोबाईल पदराला पुसला. "बरं हाय. तुम्ही तरी डबा बंद करू नका."

आतून बायको म्हणाली, "नाही करणार." ती बाहेर आली नाही.

पुढचे दोन आठवडे मी घरातून फारसा हललो नाही. खाली गेलो तर सेक्रेटरी भेटत, आणि ते मला विचारवंत समजत असल्यामुळे या विषयावर माझं मत विचारत. जिन्यात गेलो तर ताईंचं दार. गॅलरीत उभा राहिलो तर समोरच्या गॅलरीतली बाई हाताने खूण करून विचारी, काय झालं, गेली का? हा आजार असलेल्या माणसाला घराबाहेर काढता येत नाही असा कायदा आहे, हे मला पक्कं माहीत होतं. पण हे सांगायला उभं राहिलं की तुम्हाला इतकं कसं माहीत, हा पुढचा प्रश्न ठरलेला. मला उत्तर येत होतं म्हणूनच तोंड उघडता येत नव्हतं. घर विकून जावं म्हटलं तर या वयात पुन्हा कुठे जायचं, आणि तिथेही बाटल्या असणारच. रोज एक. म्हणजे महिन्याला एक. पण तेव्हा मला रोज एक वाटत होती.

"सांगून टाका," बायको म्हणाली.

"कोणाला?"

"ज्याने फोटो काढला त्याला."

"आणि पुण्याला?"

ती तांदूळ निवडत होती. खडा सापडला नाही तरी थांबली. "पुण्याला मी फोन करीन," ती म्हणाली. तिने फोन केला नाही आणि मी सांगितलं नाही. आम्ही दोघंही एकमेकांची वाट बघत होतो.

अशात माझा संशोधनाचा शनिवार आला. या खेपेला हृदयासाठी चोवीस तास रक्तदाब मोजायचा होता. तिथे सगळं काम बघणारी एक तिशीची मुलगी आहे, सोलापूरकडची, कोणाचीही गय न करणारी. बाकीच्या तपासण्या संपल्यावर दुपारी तिने माझ्या डाव्या दंडाला पट्टा बांधला, त्याची नळी शर्टाखालून फिरवून कमरेच्या डबीला जोडली आणि शिकवणीच्या आवाजात सांगितलं, "दर अर्ध्या तासाने हा फुगणार. फुगायला लागला की असाल तिथे थांबायचं. हात खाली सोडायचा, हलवायचा नाही. बोलायचं नाही."

"किती वेळ?"

"मिनिटभर."

"आणि हललो तर?"

"तर रीडिंग येत नाही. दोन मिनिटांनी ते परत प्रयत्न करतं."

"तेव्हाही हललो तर?"

"काका, ग्रंथालयात होतात ना? गप्प बसायची सवय असेल तुम्हाला."

तिने एक डायरी दिली. प्रत्येक वेळेसमोर खूण करायची होती: बसलेले, उभे, चालत, झोपलेले, जेवत. "साधा दिवस हवाय आम्हाला," ती म्हणाली. "नेहमीसारखा. उद्या काही विशेष नाही ना?"

"रविवार आहे," मी म्हणालो. "रविवारी आमच्याकडे काही होत नाही."

संध्याकाळी ग्रुपवर सूचना आली. उद्या सकाळी अकरा वाजता खाली पार्किंगमध्ये विशेष सर्वसाधारण सभा. विषय: सोसायटीचे सार्वजनिक आरोग्य.

"जायलाच हवं," बायको म्हणाली. "नाही गेलो तर विचारतील." मी सैल शर्ट घातला. आत पट्टा दिसत नव्हता, फक्त डावा दंड जरा कमावलेला वाटत होता.

पार्किंगमध्ये प्लॅस्टिकच्या खुर्च्या मांडल्या होत्या. मागे विजेचे मीटर, त्यांच्या शेजारी ताई उभ्या होत्या. त्यांच्यासाठी खुर्ची होती, पण त्या बसल्या नाहीत. सेक्रेटरींनी माईक आणला होता. चोवीस घरांच्या सभेला माईक लागत नाही, पण त्यांना लागतो. सोसायटी हे एक कुटुंब आहे, असं म्हणून त्यांनी सुरुवात केली आणि कुटुंबातल्या एका माणसाला बाहेर का काढायचं त्याची कारणं सांगायला लागले. आपण कोणाच्या विरोधात नाही. आपल्या मनात कोणाविषयी आकस नाही. आकस नाही हे त्यांनी तीनदा सांगितलं.

सव्वाअकराला माझ्या दंडावरचा पट्टा घरघरला. आवाज मधमाशीएवढा, पण माईक मध्येच थांबल्यामुळे सगळ्यांना ऐकू गेला.

"मोबाईल सायलेंटवर ठेवावेत," सेक्रेटरी म्हणाले.

मी हात खाली सोडून गप्प बसलो. ते रीडिंग आलं.

मग चर्चा झाली. चौथ्या मजल्यावरचे गुजराती शेठ म्हणाले, "देखो, हमको कोई प्रॉब्लेम नहीं है. लेकिन बच्चे लोग है ना." त्यांच्या घरात मुलं नाहीत. एक बाई म्हणाल्या, "मी तर चतुर्थीला हिच्याकडचे मोदक खाल्लेत."

"मोदकाने होत नाही," कोणीतरी म्हणालं.

"नक्की?"

"नेटवर दोन्ही लिहिलंय."

"उकडीच्याने नसेल होत," मागून एक आवाज आला, आणि दोन-तीन लोक हसले. हसणाऱ्यांत मीही होतो. हे लिहायला नको होतं, पण हसलो.

ताई मीटरपासून दोन पावलं पुढे आल्या. "माझं रक्त तपासायचं तर तपासा. मी न्हाय म्हंत न्हाय. पन मग सगळ्यांचंच तपासा. हितं आत्ताच."

"तो विषय आजच्या सभेपुढे नाही," सेक्रेटरी म्हणाले.

त्यांनी ठराव वाचून दाखवला. सदर भाडेकरू महिलेस महिनाअखेर जागा रिकामी करण्यास सांगावे, असे घरमालकास कळवण्यात यावे. "ठरावाच्या बाजूने जे असतील त्यांनी हात वर करावा."

तेव्हा पावणेबारा वाजले आणि पट्टा फुगायला लागला.

मला सांगायला लाज वाटते की त्या क्षणी मला पंधरा दिवसांत पहिल्यांदा बरं वाटलं. हात खाली सोडायचा, हलवायचा नाही, बोलायचं नाही. हे मी ठरवलेलं नव्हतं. मला तसं सांगितलेलं होतं, माझी त्यावर सही होती. आजूबाजूला हात वर जात होते, बांगड्या वाजत होत्या, आणि मी विज्ञानाच्या आज्ञेवरून प्रामाणिकपणे स्वस्थ बसलो होतो. पट्टा आवळत गेला. बोटांना मुंग्या आल्या.

सेक्रेटरींनी पेनाने हात मोजले. "एकोणीस. विरोधात?"

बायकोने हात वर केला. तिचा एकटीचाच होता.

"वहिनी," सेक्रेटरी समजुतीच्या स्वरात म्हणाले, "तुमचं मत धरता येत नाही. फ्लॅट काकांच्या एकट्याच्या नावावर आहे. सभासद ते आहेत." मग ते माझ्याकडे वळले. "काका, तुमचं काय?"

बायकोने हात खाली घेतला नाही. तो तसाच वर ठेवून ती माझ्याकडे बघायला लागली. मागे मीटरजवळून ताईही बघत होत्या. पट्टा आता इतका आवळला होता की माझीच नाडी मला दंडात ऐकू येत होती. आणखी वीस-पंचवीस सेकंद गप्प राहिलो असतो तर रीडिंग झालं असतं, सेक्रेटरींनी माझ्या नावापुढे 'तटस्थ' लिहिलं असतं, आणि चहा आला असता. सगळं मला स्पष्ट दिसत होतं. मी उभा राहिलो, आणि का कोण जाणे, पट्ट्याचाच हात वर केला. शाळेत करतात तसा.

"बाटली माझी आहे," मी म्हणालो.

पट्ट्यातली हवा लांब सुस्कारा टाकल्यासारखी निघून गेली आणि कमरेची डबी दोनदा वाजली.

"कुठली बाटली?" सेक्रेटरींनी विचारलं. त्यांना खरोखरच कळलं नव्हतं.

"तुम्ही फोटो काढला ती. वीस वर्षं त्या गोळ्या घेतोय. टाकी धुवायला काढली होती, पाणी नव्हतं, म्हणून कागद काढायचा राहिला."

सेक्रेटरींचा चेहरा मी पहिल्यांदाच कोऱ्या कागदासारखा पाहिला. ते माझ्याकडे, मग हातातल्या ठरावाकडे बघत राहिले. शेवटी त्यांना पाय टेकायला जागा सापडली. "पण काका," ते म्हणाले, "वर्तमानपत्रात गुंडाळून सुक्या कचऱ्यात टाकायची नसते."

"चुकलं," मी म्हणालो.

पट्टा पुन्हा फुगायला लागला. माझ्यापासून कोणाला लागण होत नाही, माझ्या बायकोला झालेली नाही, मोदकाने होत नाही आणि उकडीच्यानेही नाही, हे मी तो फुगत असतानाच सांगितलं. डबी पुन्हा दोनदा वाजली. माझ्या दोन्ही बाजूंच्या खुर्च्या तेवढ्यात रिकाम्या झाल्या होत्या, बायकोची सोडून.

"मग आता ठराव?" शेठनी विचारलं.

सेक्रेटरींनी ठराव पुन्हा एकदा मनात वाचला. "यात 'सदर भाडेकरू महिला' असा उल्लेख आहे," ते म्हणाले. "काका मालक आहेत. मालकांबाबत आपल्याकडे तरतूद नाही." त्यांनी कागदाची घडी घातली. "ठराव मागे घेण्यात येत आहे. चहा घेऊन जावा."

वीस वर्षं ज्या क्षणाच्या भीतीने आम्ही बाटल्या खरवडल्या, तो असा झाला. मला वाटलं होतं आकाश कोसळेल, निदान कोणी ओरडेल. लोकांनी चहा घेतला. कागदी कप होते. कोणीतरी माझा कप दुसऱ्याच्या हाती न देता माझ्या शेजारच्या खुर्चीवर ठेवून गेलं.

ताई जवळ आल्या तेव्हा मला वाटलं त्या काही चांगलं बोलतील. मी तशी तयारीही केली होती; 'अहो, त्यात काय' असं काहीतरी म्हणणार होतो.

"पंधरा दिस, काका," त्या म्हणाल्या.

"हो."

"आन मला ती बाटली वाचून दाखवलीत तुम्ही. चष्मा लावून."

त्या जिन्याने वर गेल्या.

त्यांचे गेलेले सगळे डबे परत आले नाहीत. एकदा लागलेली डाएटची सवय लोकांना सोडवेना. मला पाहून लिफ्टमधून उतरणाऱ्यांना अजूनही काहीतरी विसरल्याचं आठवतं. सेक्रेटरी मला आता पूर्वीपेक्षा जास्त वाकून, पण पूर्वीपेक्षा लांबून नमस्कार करतात. बायकोने पुण्याला फोन केला. तिथे काय झालं ते मुलीचं आहे, माझं नाही, म्हणून लिहीत नाही. घरातली बाटली खरवडायची पद्धत मात्र चालू आहे. का, असं मी विचारलं तर बायको म्हणाली, "सुक्या कचऱ्यात कागद चालत नाही."

बुधवारी आमच्या दाराच्या कडीला डबा अडकवलेला होता. ताईंनी बेल वाजवली नव्हती. वालाचं बिरडं होतं, मीठ जास्त. मी संपवलं.

त्याआधी, सोमवारी, मी मशीन परत द्यायला मीरा रोडला गेलो होतो. त्या मुलीने डबी संगणकाला जोडली आणि पडद्यावर माझ्या चोवीस तासांची रेघ आली, वर-खाली होत गेलेली, आणि शेवटाकडे तुटलेली.

"काका, पावणेबाराचं रीडिंग नाही. त्याच्यानंतरचंही नाही. रात्रीची तीन तर तुम्ही हातावर झोपून घालवलीत."

"हो."

"पावणेबाराला काय करत होतात? डायरीत काहीच खूण नाही. बसलेले? उभे?"

"आधी बसलो होतो. मग उभा राहिलो. बोलत होतो."

"बोलायचं नाही, हात हलवायचा नाही, सांगितलं होतं ना मी?" ती रागावली नव्हती, फक्त थकली होती, दिवसाला असे आठ-दहा काका तिला बघावे लागतात. तिने शेऱ्याच्या चौकटीत 'सूचना पाळल्या नाहीत' असं लिहिलं आणि माझ्याकडे वळली. "हा दिवस बाद करावा लागेल. पुढच्या शनिवारी परत लावू. साधा दिवस निवडा."

पुढच्या शनिवारी मशीन पुन्हा लावलं. मी रविवार गॅलरीत बसून काढला, प्रत्येक वेळी हात खाली सोडला आणि कोणाशी बोललो नाही. माझ्याशीही कोणी बोललं नाही. सगळी रीडिंग नॉर्मल आली. अभ्यासात तीच धरली आहेत.